मोठ्या आजीला पुढच्या सीटवर बसवा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय.

आजचा विषय, शाळेच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन रोडट्रिप. अमेरिकेत मार्च-एप्रिलच्या सुमारास शाळांना स्प्रिंग ब्रेक असतो. सगळं घर गाडीत बसून निघतं. आपल्या परभणीत वसंत कधी आला अन् कधी गेला, कळत पण नाही. होळी पेटली की थेट ऊन. २०२५ ला तर पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या आणि सुट्टी लागली २ मेपासून. आणि मे म्हणजे काय, तर कृषी विद्यापीठात आज पारा कितीवर गेला, हीच घराघरातली बातमी.

मग लोक काय करतात? ज्यांना जमतं ते महाबळेश्वर, नाही तर गोवा. बाकीचे घरात कूलरसमोर. माझी भाची नऊ वर्षांची. ती मला म्हणाली, "मामा, आपल्याकडं पाहायला काहीच नाही ना?" आता आपल्या गावाबद्दलची म्हण तुम्हाला माहितीच आहे, "बनी तो बनी, नही तो परभणी". पण नऊ वर्षांच्या पोरीला आत्ताच असं वाटायला लागलं, तर ती मोठी होऊन इथं कशाला परत येईल?

आणि तिला तरी काय बोलायचं? आपण पुण्यात नोकरी करणारे. रात्री ट्रॅव्हल्समध्ये झोपायचं, सकाळी परभणीत उतरायचं. जाताना पण तेच. म्हणजे आपला जिल्हा आपण बघतो तो अंधारात.

म्हणून आम्ही एका दिवसाची ट्रिप ठरवली. परभणी, झरी, बोरी, जिंतूर, चारठाणा, मंठा, लोणार. दाजींची गाडी. पहाटे पाचला निघायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत परत फिरायचं. डब्यात धपाटे, लसणाची चटणी, दही. पाण्याचा मोठा जार. भाचीला गाडी लागते म्हणून लिंबू.

पुढच्या सीटवर कोण, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी माझी आजी बसली. भाची तिला मोठी आजी म्हणते. वय पंचाहत्तरच्या पुढं, गुडघे दुखतात, मागं पाय लांब करता येत नाहीत. एवढंच कारण होतं. पण त्यानं ट्रिपच बदलली.

मोबाईलमधली बाई सांगायची, "पुढे उजवीकडे वळा." आजी सांगायची, "इथं माझी चुलत बहीण दिलेली." थोड्या वेळानं आम्ही त्या मोबाईलवाल्या बाईचा आवाज बंद केला.

चारठाण्याला थांबलो. तिथं गोकुळेश्वराचं जुनं मंदिर आहे, बारव आहे, एक उंच कोरीव दगडी स्तंभ आहे. सकाळच्या उन्हात भाचीनं पायऱ्या मोजायला घेतल्या. पुढं मंठा आलं. मी म्हणालो, "आजी, आता जालना जिल्हा." ती म्हणाली, "कशाचा जालना? हे आपलंच की." तिचं खरं होतं. हा भाग आधी परतूर तालुक्यात, म्हणजे परभणी जिल्ह्यातच होता. जालना जिल्हा झाला १९८१ मध्ये.

पण मला सांगायचंय ते जिंतूरच्या पुढं घडलेलं. एका साध्या वळणावर आजी म्हणाली, "हळू घे. इथं मी खडी फोडली."

१९७२ चा दुष्काळ. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, शेतात काम नाही. तेव्हा सरकारनं दुष्काळी कामं काढली, खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव. हजारो बाया-माणसं उन्हात बसून दगड फोडायची. पोरांना सुकडी मिळायची. त्याच काळात आपल्या राज्यात रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ ला तिचा कायदा झाला आणि २००५ चा देशाचा कायदा त्याच वाटेनं आला. हे सगळं मी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचलेलं. माझी आजी त्यात होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं म्हणा किंवा घरात तो विषयच निघत नव्हता म्हणा.

भाची मागून पुढं वाकली. "मोठी आजी, हा रोड तू बनवला?"

आजी हसली. म्हणाली, "एकटीनं नाही गं."

त्यानंतर लोणार बघितलं. उल्का आदळून काळ्या बेसॉल्टमध्ये झालेलं विवर, व्यास जवळपास १.८ किलोमीटर, २०२० पासून रामसर स्थळ. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे. आजी खाली उतरू शकत नव्हती, म्हणून तिनं काठावरूनच बघितलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर मात्र तिला नीट बघता आलं. भाचीला लोणार आवडलंच. पण घरी येऊन तिनं मैत्रिणीला फोन करून पहिलं काय सांगितलं? "माझ्या मोठ्या आजीनं रोड बनवलाय."

तर मंडळी, यंदा सुट्टीत लांब जमत नसेल तर जवळच जा. पण उजेडात जा. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस पुढं बसवा. गाणी थोडी कमी लावा. फोनमध्ये रेकॉर्डर चालू ठेवा आणि ते जिथं "हळू घे" म्हणतील, तिथं मॅपवर पिन टाकून नाव सेव्ह करा. मी त्या वळणावर टाकलीय, "आजीची खडी". ही माहिती कुठल्याच सर्व्हरवर नाही आणि तिचा बॅकअपही नाही. आज ती फक्त त्यांच्या डोक्यात आहे, आणि त्यांचे गुडघे दर वर्षी थोडे जास्त दुखतायत.

चला, भेटू पुढच्या भागात. पाणी भरपूर प्या!