सुपारी कुणाची, गाणं कुणाचं

(मुर्धा येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



मला विषय दिलाय, 'सामाजिक न्यायाच्या नव्या संगीतिका आणि त्यांचे शुभारंभ'. संगीतिका म्हणजे ऑपेरा. हे ऐकून तुमच्यातले चारपाच जण आत्ताच हसले. बरोबर आहे. गोदीत माल चढवणारा-उतरवणारा दहावी पास माणूस ऑपेरावर काय बोलणार? आपल्याला ऑपेरा माहीत तो चर्नी रोडचा. ऑपेरा हाऊस म्हणजे हिऱ्यांचा बाजार. ते थेटर १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलं, १९९३ ला बंद पडलं, २०१६ ला रंगरंगोटी होऊन परत उघडलं. भाईंदरवरून तीच लोकल जाते. पण आमच्या घरातलं कोणी त्याची पायरी चढलेलं नाही.

तरी ऑपेरा ही काय आभाळातून पडलेली चीज नाही. गोष्ट गाण्यातून सांगायची. एक लिहिणारा, एक चाली बांधणारा, गाणारे, वाजवणारे. आणि या सगळ्यांच्या आधी पैसा मोजणारा कोणीतरी. मी चालींवर बोलणार नाही, मला त्यातलं कमी कळतं. मी पैसा मोजणाऱ्यावर बोलणार आहे.

तमाशात याला सुपारी म्हणतात. मुंबईत सुपारी म्हटलं की माणूस उडवायची आठवते, पण नारायणगावला पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, रात्र ठरते, पैसा ठरतो, ती सुपारी. सुपारी कोण देतो त्यावर वग कुठला लागणार हे ठरतं. हे एवढं कळलं की मराठी नाटकाचा इतिहास वेगळाच दिसायला लागतो.

५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन करतात. कशाचा दिन? तर १८४३ साली सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धन राजेसाहेबांनी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ बघितला आणि पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी मराठीत कर. भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. सूत्रधार पदं गायचा, नटमंडळी त्यावर बोलायची. म्हणजे आपल्या रंगभूमीचा जन्मच मुळी सुपारीतून झाला, आणि तोही गाणं घेऊन. दरबाराची सुपारी. त्यात सीता येणार, राम येणार. तिथं शंबूक कोण कशाला मागवील? पुढं १८५१ मध्ये राजेसाहेब गेले, दरबाराचा हात आखडला, आणि भावे तिकीट लावून गावोगाव फिरायला लागले.

आता याच्या बारा वर्षांनंतरची गोष्ट. १८५५. पुण्यात अठ्ठावीस वर्षांचा एक फुलमाळी नाटक लिहितो. जोतीराव फुले. नाटक 'तृतीय रत्न'. कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून जोशी लुबाडतो, नवराबायको कर्जात बुडतात, विदूषक मधेमधे येऊन जोशाचं पितळ उघडं करतो, आणि शेवटाला ती दोघं ठरवतात की जोतीबा-सावित्रीबाईंच्या शाळेत जायचं. हे नाटक गद्य आहे, संगीतिका नाही, मान्य. पण ज्याला आपण आज सामाजिक न्यायाचं नाटक म्हणतो ते मराठीत तिथून सुरू होतं.

फुल्यांनी ते पाठवलं दक्षिणा प्राईज कमिटीकडे. ही दक्षिणा काय होती माहीत आहे? पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या रमण्यात ब्राह्मणांना वाटायचे तो पैसा. इंग्रजांनी तो हळूहळू आटवला आणि त्यातला काही भाग मराठी पुस्तकांच्या बक्षिसांकडे वळवला. म्हणजे रयतेच्या घामाचा पैसा, वाटणारे हात जुनेच. कमिटीवरच्या भटांनी नाटक नाकारलं. हे मी मनचं सांगत नाही. फुल्यांनी स्वतः 'गुलामगिरी'त १८७३ साली लिहून ठेवलंय, की कमिटीतल्या युरोपियनांचं काही चाललं नाही.

ते नाटक छापून कधी आलं? १९७९ ला. 'पुरोगामी सत्यशोधक'मध्ये. १२४ वर्षं. गोदीत माल शेडमध्ये पडून राहिला की दिवसाच्या हिशेबानं डेमरेज चढतं, आणि ते मालकाला भरावं लागतं. १२४ वर्षांचं डेमरेज कुणाच्या खात्यावर मांडायचं? त्या मधल्या काळात १८८० ला किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' आलं, १८९९ ला देवलांचं 'शारदा' आलं. 'शारदा' वाईट नाटक नाही. म्हाताऱ्याच्या गळ्यात पोर बांधायची चाल त्यानं लोकांसमोर नागडी केली. पण तो त्यांच्या माजघरातला प्रश्न होता, म्हणून त्याला स्टेज मिळालं. कुणब्याच्या झोपडीतला प्रश्न शेडमध्येच राहिला.

आता जरा बोटीत बसा. अमेरिकेला जाऊ. तिथं स्कॉट जॉप्लिन नावाचा काळा पियानोवाला होता. बाप गुलामीतून सुटलेला. जॉप्लिनची रॅगटाइम गाणी सगळा देश वाजवायचा. त्यानं एक ऑपेरा लिहिला, 'ट्रीमोनिशा'. गोष्ट ऐका आणि सांगा कशासारखी वाटते ते. गुलामी संपल्यानंतरचा मळा. झाडाखाली सापडलेली एक पोर वस्तीत एकटी शिकलेली. नशिबाच्या पुरचुंड्या विकणारे भगत-मांत्रिक वस्तीला लुबाडतात. ती आडवी जाते, ते तिला पळवून नेतात, ती सुटते, आणि वस्ती तिलाच पुढारी करते. जॉप्लिनला फुले माहीत नव्हते, फुल्यांना जॉप्लिन माहीत असणं शक्यच नव्हतं. पण गोष्ट एकच. फक्त जोशाच्या जागी मांत्रिक.

आणि पुढचं नशीब पण एकच. छापायला कोणी तयार नाही, म्हणून १९११ साली जॉप्लिननं तो स्वतःच्या पैशानं छापला. त्याच साली आपल्याकडं राजाच्या हस्ते ऑपेरा हाऊस उघडत होतं. १९१५ ला हार्लेममध्ये कसाबसा एक प्रयोग झाला. पडदे नाहीत, वाद्यवृंद नाही, स्वतः जॉप्लिन पियानोवर. १९१७ ला तो मेला. ऑपेरा पुरा रंगमंचावर आला तो जानेवारी १९७२ मध्ये, अटलांटाला. १९७२! इथं मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच साली. १९७६ ला मेलेल्या जॉप्लिनला पुलित्झर दिलं. मेल्यावर हार घालायची रीत आपल्याकडंच आहे असं समजू नका.

आणखी एक सांगतो, कारण शुभारंभाचा मुद्दा त्यात आहे. विल्यम ग्रँट स्टिल या काळ्या संगीतकाराचा 'ट्रबल्ड आयलंड', हैतीच्या गुलामांच्या बंडावरचा ऑपेरा. शब्द लँगस्टन ह्यूजचे. १९४९ ला न्यूयॉर्क सिटी ऑपेरानं तो लावला. मोठं थेटर, मोठी रात्र, टाळ्यांचा पाऊस. तीन प्रयोग झाले. तीन! मग बंद.

म्हणून शुभारंभ या शब्दाला मी भुलत नाही. बोट धक्क्याला लागली म्हणजे माल घरात पोचला असं होत नाही. पहिल्या रात्रीला फोटो असतो, पाहुणे असतात, दिवा लावायला कोणीतरी असतो. दहाव्या रात्रीचं भाडं कोण भरणार हा खरा प्रश्न. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा १८८३ ला सुरू झालं, तिथं पहिल्यांदा काळ्या संगीतकाराचा ऑपेरा लागला २०२१ ला, टेरेन्स ब्लँचर्डचा. १३८ वर्षं. आदल्या साली जॉर्ज फ्लॉइडला पोलिसानं गुडघ्याखाली मारलं होतं आणि रस्ते पेटले होते. दोन्हीचा संबंध लावायचा की नाही ते तुम्ही बघा. माल्कम एक्सवरचा अँथनी डेव्हिसचा ऑपेरा १९८६ ला झाला होता, त्याला मेटच्या दारात यायला २०२३ उजाडलं.

आता घरी येऊ. आपल्या लोकांनी कुणाच्या दाराशी उभं न राहता काय केलं? जलसा केला. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा उचलला आणि त्यातला माल बदलला. आंबेडकरी जलशानं तोच धंदा पुढं नेला. १९३० च्या पुढच्या काळात नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव हिंडत होता. कृष्ण-गौळणीचा चावटपणा बाजूला, त्या जागी पाणवठा, शाळा, देवळाचं दार. बाबासाहेब म्हणायचे असं सांगतात, की त्यांच्या दहा सभा आणि एक जलसा, वजन सारखंच. त्या जलशांना कुठल्या राजानं सुपारी दिली नव्हती. पुढं १९५५ च्या सुमाराला औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' लिहिलं, पोरांनी ते बाबासाहेबांसमोर केलं, आणि १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळीही ते झालं. आपली संस्था, आपली पोरं, आपलाच प्रेक्षक. लिहिणारा बाहेरचा असला तरी मागणारे आपण होतो.

आता कोणीतरी म्हणेल, पैसा पैसा काय करतो, कलावंतानं पैशाला शिवू नये. हे पोट भरलेल्यांचं तत्त्वज्ञान आहे. पैशाबद्दल बाबासाहेबांनी काय केलं ते बघा. १९२७ च्या महाडच्या लढ्याला पठ्ठे बापूरावांनी आपल्या काही खेळांचं उत्पन्न देऊ केलं. बापूराव म्हणजे शाहीर श्रीधर कुलकर्णी, पवळेच्या नाचावर ज्यांचा फड चालला ते. फंडाला तर पैशाची गरज होती. बाबासाहेबांनी तो पैसा नाकारला. आपल्या आयाबहिणींना बोर्डावर नाचवून मिळालेला पैसा आपल्या इज्जतीच्या लढ्याला नको. पैसा वाईट असं ते म्हणाले नाहीत, हा पैसा नको म्हणाले. मला यातून एवढंच समजतं की पैसा कुठून येतो हे विचारणं हा नाटकाच्या बाहेरचा प्रश्न नाही. तो पहिला प्रवेश आहे.

(यावर एका ताईनं मागून विचारलं, मग पवळेचं काय? तिला कोणी विचारलं का? प्रश्न रास्त आहे. गाणारी बाई आपल्या जलशात येईल तेव्हा ती बिदागी मोजून घेईल आणि तिचं नाव पोस्टरवर शाहिराच्या बरोबरीनं असेल, एवढं मी तिथं बोललो. त्यावर एक आख्खी संगीतिका होऊ शकते, हे घरी जाताना गाडीत सुचलं.)

आजच्या दक्षिणा कमिट्या धोतर नेसत नाहीत. त्यांच्याकडं फॉर्म असतो. विषय 'समावेशक' हवा, 'सकारात्मक' हवा, शेवट गोड हवा. नाहीतर मग नेता येतो. एका वस्तीत मी बघितलं, जयंतीचा खर्च एका नेत्यानं उचलला. बॅनरवर त्याचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोएवढा. शाहिराला सांगितलं, ठेकेदारीवरचं गाणं नको, साहेबांना आवडणार नाही. शाहीर गायला नाही. डीजे लावला. डीजेला कुठलंच गाणं नको होत नाही.

बरं, आपल्याच्यानं होत नाही असं पण नाही. २०१२ ला 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. कल्पना आणि संगीत संभाजी भगतांचं, लेखन राजकुमार तांगड्यांचं, दिग्दर्शन नंदू माधवांचं. जालन्याकडची शेतकऱ्यांची पोरं त्यात गात होती. यम शिवाजीला न्यायला येतो, राजे आपले विचार पगडीत ठेवतात, आणि मग ती पगडी कुणाच्या डोक्याला बसते याचा शोध. लोक हसत होते आणि मधेच गप्प होत होते. प्रयोगावर प्रयोग झाले. मला विचाराल तर मराठीत ऑपेराच्या सगळ्यात जवळ आलेली आपली गोष्ट ती आहे, आणि तिला कोणी ऑपेरा म्हटलं नाही म्हणून तिचं काही अडलं नाही.

आता मुर्ध्याचा हिशेब. आपल्या नि आसपासच्या वस्त्यांत मिळून दोनशे घरं धरा. घरटी महिना पन्नास रुपये. वर्षाचे एक लाख वीस हजार. जयंतीला डीजे, जनरेटर, बॅनरवर आपण काय उडवतो ते खजिनदाराला विचारा, तो लाजत सांगेल. या पैशात लिहिणाऱ्याला आगाऊ बिदागी द्यायची. आगाऊ. डीजेवाल्याला आपण आगाऊ देतो आणि कवीला शाल देतो. शालीवर चूल पेटत नाही. मग चाल बांधणारा, ढोलकी, पेटी, हलगी, तुणतुणं, दोन महिन्यांच्या तालमीचा चहा. आणि निम्मे पैसे पहिल्या प्रयोगाला हात न लावता बाजूला, पुढच्या नऊ प्रयोगांसाठी. पहिला प्रयोग इथंच, रस्त्यावर कनात लावून. नऊ प्रयोग उत्तन रोडनं वर, वसईकडं, आणि गोदीच्या गेटवर पाळी सुटताना. महापालिकेच्या लता मंगेशकर नाट्यगृहाची तारीख मागायची, ती आपल्या कराच्या पैशातली आहे, उपकार नाही. पण तिच्यावाचून अडून बसायचं नाही.

विषय? २०१३ ला कायदा झाला की माणसानं मैला साफ करायचा नाही. तरी टाकीत उतरून माणसं मरतात आणि ठेकेदाराच्या रजिस्टरात त्यांचं नाव नसतं. कागदावर नाव नसलेला माणूस गाण्यात पूर्ण नावानं उभा करायचा. यावर ज्याला लिहायचंय त्यानं हात वर करावा. मी लिहीन असं मी म्हणत नाही. मंडळ निवडेल, आणि निवडणाऱ्या पाच जणांत निदान दोन बाया, एक सफाईवाला पाहिजे. नाहीतर आपलीच दक्षिणा कमिटी व्हायची.

घरांची यादी करायला एक वही आणलीय, ती मागून पुढं फिरवतो. ढोलकी कुणाकडं आहे, पेटी कुणाकडं, तेही त्यातच लिहा. तालमीला शनिवारी रात्री समाजमंदिर मिळतं का ते उद्या कोणीतरी विचारून या, माझी दिवसपाळी आहे.