दरारा म्हणजे नक्की काय?

विशेष शिक्षकांना एक सल्ला फुकट मिळतो, 'बाई, जरा दरारा ठेवा!' आता 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मारायलाही बंदी घालतं आणि मानसिक छळालाही. मग दरारा आणायचा कुठून?

आपल्याच पालघर जिल्ह्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मुलांना दटावलं नाही, मांडणी बदलली. मला हे फार पटतं.

पापडीत माझ्या वर्गातला एक मुलगा गणिताला वही भिरकावायचा. मी आठवडाभर तीन रकाने भरले: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. वही फेकली की त्याला बाहेर नेलं जायचं. म्हणजे गणितातून सुटका! शिक्षा कसली, बक्षीसच ते.

मग दहाऐवजी तीन गणितं दिली, आणि 'थांबूया'चं चित्रकार्ड. बोलता न येणाऱ्या मुलाला हे फार लागतं. कार्ड दाखवलं की दोन मिनिटं सुट्टी, अगदी नक्की. परत येऊन उरलेलं गणित मात्र करायचंच. तिथे रडून काही बदलत नाही. वही अजून कधीतरी उडते, पण बहुतेक वेळा आधी कार्ड वर येतं.