घरच्यांनी ओळखलं पाहिजे

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी जुन्या साथीदारांचे फोटो संगणकावर नीट करून देतो. त्यातले बरेच हार घालून भिंतीवर लागणारे असतात. म्हणून माझा नियम साधा आहे: पंधरा दिवसांत आपोआप गेलं असतं ते काढायचं, जन्मभर राहिलं ते ठेवायचं. पुटकुळी, धुळीचा ठिपका, फोटोवरचा ओरखडा काढा. तीळ आणि जखमेचा व्रण राहू द्या.

एका सुभेदारांचा फोटो आधी कुणीतरी ‘सुंदर’ करून दिला होता. हनुवटीवरचा व्रण गायब, त्वचा मेणासारखी. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “फोटो छान आहे हो, पण हे आमचे ‘हे’ नव्हेत.”

आता पद्धत सांगतो. फोटोशॉप घ्या किंवा फुकट मिळणारं गिम्प, मूळ लेयरला हात लावू नका. त्याची प्रत काढून तिच्यावरचे डाग हीलिंग ब्रशने काढा. ब्रश डागापेक्षा जरासाच मोठा हवा. मग त्या प्रतीची आणखी एक प्रत करून तिच्यावर सुरकुत्या काढा आणि तिची ओपॅसिटी साधारण 50 टक्क्यांवर आणा. खालच्या सुरकुत्या पुन्हा दिसतात, पण सौम्य होऊन.

त्वचेची रंध्रं दिसेनाशी झाली, की मागे फिरा. झूम कमी करून पूर्ण चेहरा पाहा. चहा पिऊन या, पुन्हा पाहा. माणसाआधी तुमची कारागिरी दिसली, तर हात जास्त चालला आहे.

जय हिंद.