लॅपटॉपवाचून डीजे

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपला रेडिओ बिघडला की काय, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. ज्याने सारी हयात मुलांना त्रैराशिक व भूमिती शिकविण्यात घालविली, ज्याचे शिक्षण मॅट्रिक व त्यावर अध्यापनाची पदविका एवढेच, त्या गृहस्थाने डीजेच्या यंत्राविषयी काय बोलावे? परंतु गेल्या वैशाखात हा विषय आपण होऊन माझ्या घरी आला आणि माझ्या निवृत्तीच्या पुंजीकडे पाहू लागला.

प्रथम शब्दाविषयी. डीजे म्हणजे मुळात तबकड्या वाजविणारा माणूस. आपण मात्र ट्रकवर रचलेल्या कर्ण्यांच्या भिंतीस डीजे म्हणतो आणि तिलाच शिव्या देतो. माझा विषय ती भिंत नव्हे. भिंतीमागे एका मेजावर जी पेटी असते, जिच्यावर एक गाणे संपता संपता दुसरे त्यात मिसळले जाते, ती पेटी हा माझा विषय.

माझा धाकटा भाचा बदलापुरास राहतो. वडिलांचे छत्र नाही. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील हळदी, साखरपुडे व वाढदिवस यांवर मायलेकांचे घर चालते. त्याच्याजवळ होता तो कंट्रोलर, म्हणजे नुसता लगाम, घोडा लॅपटॉपमध्ये. चाके पेटीवर फिरत, परंतु गाणे वाजे ते लॅपटॉपमधून. अंबरनाथजवळच्या एका गावात हळद ऐन रंगात आली असताना त्या लॅपटॉपने स्वतःची सुधारणा करून घेण्याचा मुहूर्त साधला. पडदा निळा झाला व मांडव मुका झाला. यजमानांनी ठरलेल्या पैशांतून निम्मे कापले. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच गावातील पुढचे दोन कार्यक्रम दुसऱ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “मामा, मला लॅपटॉपवाचून चालणारी पेटी घ्यायची आहे. तुम्ही हात दिलात तर दोन लगीनसराईंत फेडीन.”

अशा पेट्या आज अनेक आहेत. पायोनिअरची एक्सडीजे-आरएक्स २०१५ साली आली. तिच्या पुढच्या पिढ्या २०१७ व २०२१ मध्ये निघाल्या. डेननची प्राइम-४ ही २०१९ ची. पायोनिअर डीजे या कंपनीने २०२० साली अल्फाथीटा असे नाव धारण केले, म्हणून दुकानात दोन्ही नावे दिसल्यास गोंधळून जाऊ नये. या सर्वांत तत्त्व एकच: गाणी पेनड्राइव्हवर, आणि वाजविणारा संगणक पेटीच्याच पोटात.

तेव्हा लॅपटॉप गेला काय? येथेच प्रथम माझी फसगत झाली. लॅपटॉप मांडवातून जातो, घरातून जात नाही. कोणते गाणे कोठे सुरू होते, त्याची गती किती, ठोके कोठे पडतात, ही सारी हजेरी आदल्या रात्री रेकॉर्डबॉक्ससारख्या कार्यक्रमात मांडून पेनड्राइव्हवर उतरवावी लागते. डेननच्या प्राइम पेट्या हे पृथक्करण स्वतःही करतात. परंतु दोनशे गाण्यांचे काम मांडवात उभे राहून कोण करील? मास्तराने पाठाचे टाचण घरी काढावे, वर्गात नव्हे. शिवाय पेनड्राइव्हची घडणही पाहावी लागते. आरएक्सच्या कुळातील पेट्यांस फॅट-३२ ही घडण चालते. एनटीएफएस दिली की पेटी ओळखच देत नाही. नवा घेतलेला पेनड्राइव्ह तसाच खुपसणाऱ्याची फजिती येथेच होते.

आता आपल्या मुलुखाचा प्रश्न. या यंत्रांचे गणित चाराचे आहे. विलायती नाचाचे संगीत चार ठोक्यांनी चालते व यंत्र तसेच गृहीत धरते. आपली कोळीगीते बहुधा सहाच्या चालीने डुलतात. आणि वादकांनी एकत्र बसून वाजविलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांत लय क्षणोक्षणी किंचित हलते. यंत्र तेथे ठोक्यांची जाळी चुकीची टाकते, आणि दोन गाणी आपोआप जुळविणारी कळ दाबताच दोन्ही एकमेकांच्या पायांत पाय घालतात. म्हणून दुकानदाराने लावून दाखविलेल्या गाण्यावर पेटीची परीक्षा करू नये. भाच्यास मी त्याच्याच हळदीची गाणी पेनड्राइव्हवर घेण्यास सांगितले, आणि आम्ही दादरास गाडी बदलून लॅमिंग्टन रोड गाठला. तेथे त्याने ती कळ न दाबता कानांनी व हातांनी गाणी जुळवून पाहिली. चाक हाताला कसे लागते, गती सावकाश बदलता येते की नाही, गाण्यांची देवनागरी नावे पडद्यावर नीट उमटतात की नाही, हे त्यातच कळले. दुकानदार जांभया देत होता, देवो बापडा.

दुसरी गोष्ट माइकची. आगरी घरची हळद म्हटली की धवलारीण आलीच. उल्हासनगरास सिंधी लग्नात बायका लाडा गातात. ज्या पेटीस माइकची जागा नाही, किंवा आहे पण तिचे नियंत्रण वेगळे नाही, ती पेटी या प्रसंगी वृद्ध स्त्रियांचा आवाज गिळून टाकते. आरएक्स-२ वर दोन माइक लागतात, हे मी स्वतः मोजले.

वीज हा तिसरा विषय, आणि बदलापूरकरांस तो शिकविण्याची गरज नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. स्वयंपूर्ण म्हणविणाऱ्या बहुतेक पेट्यांस नसते. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत दिवे चार क्षण विझतात, पण पेटी पुन्हा जागी होण्यास त्याहून पुष्कळ अधिक वेळ घेते. यावर दोन उपाय. बॅटरीची पेटी घ्यावी: डेननची प्राइम-गो २०२० ची, कर्त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे चार तास चालते, अल्फाथीटाची ऑम्निस-ड्युओ २०२४ ची, पाच तास. नाहीतर साध्या पेटीस लहानसा यूपीएस जोडावा. आम्ही दुसरा मार्ग पत्करला, कारण तो स्वस्त होता.

राहता राहिली निवड. माझा ओढा डेननकडे होता. अधिक सोयी, गाण्यांसाठी आत डिस्क बसविण्याचीही जागा. भाच्याने मात्र एक प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. “मामा, पेटी ऐन वेळी बिघडली तर अंबरनाथात रात्री नऊ वाजता मला कोणाची मिळेल?” त्याच्या ओळखीच्या सर्व मंडळींजवळ पायोनिअरच्या पेट्या. रेकॉर्डबॉक्समधून उतरविलेला पेनड्राइव्ह शेजाऱ्याच्या पेटीत घालताच हजेरी जशीच्या तशी उघडते. सर्व शाळांत एकच क्रमिक पुस्तक असले म्हणजे बदली शिक्षकाची अडचण होत नाही, तसेच हे. अर्थात येथेही एक खोच आहे: ऑम्निस-ड्युओसारख्या नव्या पेट्यांची हजेरीची वही निराळ्या पद्धतीची असते, तेव्हा दोन्ही वह्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवाव्या लागतात.

पेटी आरएक्स-२ घेतली, वापरलेली, परंतु मूळ बिलासह, आणि प्रत्येक कळ, पट्टी व हेडफोनचे भोक तपासून. वायरी, तिवई व लाकडी खोके उल्हासनगरास घेतले. १९४९ साली ज्या निर्वासितांच्या छावणीस हे नाव मिळाले, तिच्या रहिवाशांनी शून्यातून जो बाजार उभा केला, त्यात ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा विनोद रूढ आहे. तो विनोद यंत्राच्या बाबतीत ध्यानात ठेवावा. खोक्याच्या बाबतीत विसरावा, कारण इतके मजबूत खोके मला मुंबईत त्या भावात मिळाले नसते.

मार्गशीर्षात त्या पेटीची पहिली हळद बदलापूरजवळ झाली. मी मागे खुर्ची टाकून बसलो होतो. पैसे माझे होते ना! सव्वानऊला वीज गेली. कर्णे गप्प झाले, पण पेटीचा पडदा उजळलेला राहिला, आणि जनरेटर लागताच गाणे चालू झाले. थोड्या वेळाने धवलारणीने हात वर केला. भाच्याने गाण्याची पट्टी खाली ओढली व माइकचा आवाज वाढविला. म्हातारीचा आवाज सबंध मांडवात स्पष्ट ऐकू आला.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहानंतर उघड्यावर कर्णे वाजवू देत नाहीत. दहाला पाच मिनिटे असताना भाच्याने घड्याळ पाहिले व शेवटचे गाणे लावले. नवरदेवाचे मित्र त्याच्यावर रागावले. त्याने मान हलविली, पेनड्राइव्ह काढून खिशात घातला, आणि मला म्हणाला, “मामा, शेवटची बदलापूर गाडी गाठायची नाही आपल्याला, घर इथेच आहे. जेवून घ्या.”