नगरपालिकेत आपलं काय काम?

(दहावीच्या १९८२ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू छत्तीस वर्षं नगरपालिकेत काढलीस, तिथलं काहीतरी बोल. पण पंधरा मिनिटांत आटप." नगरपालिकेतलं कुठलंच काम पंधरा मिनिटांत होत नाही, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तरी प्रयत्न करते.

आपल्या वेळी नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला लागलेलं शेपूट. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘नगराध्यक्षाची कामे लिहा’ एवढं पाठ केलं की सुटलो. त्या शेपटावर पुढे माझं पोट चालणार आहे, असं तेव्हा सांगितलं असतं तर सरांनाही हसू आलं असतं. १९८८ साली मी लिपिक म्हणून लागले आणि नोकरीची बहुतेक वर्षं सभा शाखेत होते. विषयपत्रिका काढायची, नोटिसा पोचवायच्या, सभागृहाच्या कोपऱ्यात बसून कोण काय बोललं ते टिपायचं आणि इतिवृत्त लिहायचं. मी निवडून कधी आले नाही, पण निवडून आलेल्यांचं बोलणं आपल्या गावात माझ्याइतकं कुणी ऐकलं नसेल.

आपल्यापैकी निम्म्याहून अधिक जण पुण्या-मुंबईत असतात, म्हणून थोडक्यात सांगते. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा १९६५ च्या कायद्यानं चालतात. एक लाखावर लोकसंख्या असेल तर ‘अ’ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’ वर्ग, त्याखाली ‘क’ वर्ग. आपण ‘ब’ वर्गात. एका बाजूला लोकांनी निवडलेले नगराध्यक्ष आणि नगरसेवक, दुसऱ्या बाजूला शासनानं नेमलेले मुख्याधिकारी. सभेनं ठरवायचं आणि मुख्याधिकाऱ्यांनी अमलात आणायचं, अशी ती वाटणी. शिवाय बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य व स्वच्छता, शिक्षण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या, आणि त्यांच्या वर स्थायी समिती.

लोकांना वाटतं, खरी सभा म्हणजे ती मोठी, जिच्यातल्या गोंधळाची बातमी पेपरात येते. पण मी सांगते, खरं काम समितीच्या खोलीत होतं. सात-आठ माणसं, एक फाईल, एक चहाची किटली. तिथे भाषण करून उपयोग नसतो, कारण ऐकायला कुणी नसतं. त्यामुळे माणसं मुद्द्याचं बोलतात.

एक उदाहरण देते. महिला आणि बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात पाच टक्के रक्कम राखून ठेवावी लागते. आमच्याकडे वर्षानुवर्षं त्यातून शिलाई मशीन वाटायची पद्धत होती. मशीन दिलं, फोटो काढला, झालं. आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. त्या आधीच्या आरक्षणातून आलेल्या बायकांचे नवरे पहिल्या पहिल्यांदा दाराबाहेर बसत आणि आतून कागद बाहेर जाई. दोन-तीन निवडणुकांनंतर कागद बाहेर जायचा थांबला. अशाच एका समितीत एक बाई म्हणाल्या, "मशिनी पुष्कळ झाल्या. आठवडी बाजारात सकाळपासून रात्रीपर्यंत भाजी विकणाऱ्या बायकांनी लघवीला कुठं जायचं?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग मी पेन उचललं, कारण प्रश्न आला की तो लिहावाच लागतो. पुढच्या तीन बैठका जागा शोधण्यात गेल्या. दुकानदारांची हरकत आली, ती ऐकून घेतली, जागा थोडी मागे सरकवली. शेवटी स्वच्छतागृह झालं. मग पाण्याची मोटर जळली. त्याच बाईंनी पुढच्या सभेत विचारलं, आठ दिवसांत मोटर बसली.

आता याची दुसरी बाजू ऐका. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ च्या सुरुवातीला संपली आणि निवडणुका लांबल्या. जवळपास चार वर्षं प्रशासक होते. २ डिसेंबर २०२५ ला मतदान सुरू झालं आणि २१ तारखेला निकाल लागले. त्या चार वर्षांतली सुरुवातीची दोन-अडीच मी नोकरीत होते. काम बंद नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. रस्ते झाले, पाणी आलं, कचरा उचलला गेला. पण आमच्याकडे मुख्याधिकारी हेच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव ठेवणारे आणि तो मंजूर करणारे एकच. माझं इतिवृत्त वीस पानांवरून दोन पानांवर आलं. लिहायला प्रश्नच नव्हते.

बाजारातलं ते स्वच्छतागृह त्याच काळात कित्येक महिने कुलूपबंद होतं. भाजीवाल्या बायकांनी अर्ज दिले. आवक नोंदवहीत त्यांना क्रमांक मिळाले. छत्तीस वर्षांत मला कळलं ते एवढंच आहे: अर्जाला क्रमांक मिळतो, सभेतल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

हे सगळं आज तुमच्यापुढे सांगायला एक कारण आहे. शाळेच्या मागचं मैदान.

आपण सगळे तिथे वाढलो. कबड्डी, लेझीम, पंधरा ऑगस्टची कवायत, स्नेहसंमेलनाचा मंडप. आपल्यापैकी अनेकांना आजही वाटतं की ते मैदान शाळेचं आहे. ते शाळेचं नाही. जमीन खासगी आहे. मालकांच्या वडिलांनी शाळेला ती वापरू दिली आणि कधी एक रुपया भाडं घेतलं नाही. पुढे शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेवर क्रीडांगणाचं आरक्षण पडलं. आरक्षण म्हणजे जमीन नगरपालिकेची झाली असं नाही. ‘ही आम्ही पुढे घेणार, तोवर इथे दुसरं काही बांधू नका’ असा त्याचा अर्थ.

नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं की अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्या दिशेनं पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. दहा वर्षं केव्हाच उलटली होती. गेल्या पावसाळ्यात मालकांची नोटीस नगरपालिकेत पोचली. तेव्हा मी निवृत्त होते. माहिती अधिकारात अर्ज करून मी ती प्रत घेतली, कुणीही घेऊ शकतं. मुदत पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात संपते.

कुणी मालकांना नावं ठेवू नका. एखाद्याची जमीन इतकी वर्षं अडकवून ठेवायची, घ्यायची नाही आणि विकूही द्यायची नाही, हा न्याय नव्हे. म्हणून तर कायद्यात ते कलम आहे. त्यांच्या घरातली पुढची पिढीही आपल्याच शाळेत शिकली आहे. त्यांना मोबदला हवा, आणि तो मागायचा त्यांना अधिकार आहे.

मग नगरपालिकेनं घ्यायला काय हरकत आहे? पैसा. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली. तेव्हापासून घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाकी शासनाचं अनुदान. अनुदानातले बरेच पैसे कशावर खर्चायचे हे ठरूनच येतात. रोख मोबदला द्यायचा तर कुठलं तरी दुसरं काम मागे पडेल, आणि पूर्वेकडच्या वस्त्यांत जुनी पाइपलाइन फुटते आहे हेही खरं आहे. टीडीआर देता येतो, पण आपल्या गावात तो विकत घेणारा बिल्डर सापडायला हवा. जागेचा काही भाग मालकांना बांधायला देऊन उरलेला मैदान म्हणून ताब्यात घ्यायचा, असाही मार्ग नियमावलीत आहे. त्यात मैदान लहान होईल. यातलं काय करायचं ते मला ठाऊक नाही, आणि ठरवणं माझं कामही नाही. ते सभेचं काम आहे. पण सभेपुढे विषय आला पाहिजे, आणि वेळेत आला पाहिजे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सभेनं ‘मैदान वाचवावे’ असा ठराव एकमतानं केला, टाळ्या वाजल्या, बातमी आली, म्हणजे काम झालं असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात म्हटलं आहे की नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे. प्रस्ताव शासनाकडे जाऊन संपादनाची घोषणा व्हावी लागते. त्याआधी मोजणी, मूल्यांकन आणि अंदाजपत्रकात तरतूद. एकेका टप्प्याला महिने लागतात. फाईल टेबलावर पडून राहिली तर कुणी विरोध न करताही मैदान जाईल. आरक्षणं बहुधा अशीच जातात.

तेव्हा आपण काय करायचं? निवेदन देऊन फोटो काढू नका, एवढं आधी सांगते. नवी सभा नुकतीच बसली आहे, समित्या बनत आहेत. फेब्रुवारीअखेर अंदाजपत्रक मंजूर व्हायचं असतं. म्हणजे पहिला प्रश्न या महिन्यातच विचारायला हवा: क्रीडांगणाच्या संपादनासाठी तरतूद आहे का, असली तर किती? तो आपल्या प्रभागातल्या नगरसेवकांमार्फत सभेत यावा. पुढे नियोजन व विकास समितीत दर बैठकीला एकच विचारावं, फाईल कुठे आहे? आणि उत्तर इतिवृत्तात आलं का ते पाहावं. आपल्यात दोन वकील आहेत, भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेला एक जण आहे, तिघं बांधकाम क्षेत्रातले आहेत. नगरपालिकेला नगररचनेतली माणसं नेहमी कमी पडतात. तुमची चार तासांची मदत तिथे मोलाची आहे. मालकांशी बोलायचं झालं, तर आपले गुरुजन गेले तर ते दार उघडतील, आपण गेलो तर कदाचित नाही.

आणि हे एका मैदानापुरतं नाही. लोकांसाठी ठेवलेल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या असतात. प्रभाग समित्या घटनेनं तीन लाखांवरच्या शहरांना सक्तीच्या केल्या, त्या आपल्याला नाहीत. पण राज्यानं २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली, आपल्या गावात भरलेली मी पाहिली नाही, कारण कुणी मागितलीच नाही. २०१४ च्या कायद्यानं पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. बाजारातल्या त्या भाजीवाल्या बायकांना हे माहीत नव्हतं. झाड तोडण्याच्या नोटिशीवर हरकत घेता येते, घरपट्टीच्या फेरआकारणीवर घेता येते, विकास आराखड्यावर घेता येते. मुदतीत हरकत घेणारे थोडे, आणि मुदत संपल्यावर माझ्या टेबलासमोर येऊन रागावणारे पुष्कळ, असा माझा अनुभव आहे.

आपण आता साठीला आलो. बऱ्याच जणांचं निवृत्त होऊन गावी परत यायचं चाललं आहे. घर बांधाल, बाग कराल, सकाळी फिरायला जाल. महिन्यातला एक दिवस मात्र सभागृहाच्या मागच्या बाकावर येऊन बसा. सभा लोकांना खुली असते. पहिले दोन तास कंटाळा येईल. मला छत्तीस वर्षं आला. पण मागे कुणीतरी बसलेलं आहे हे दिसलं की पुढची माणसं वेगळी बोलतात, हे मी कोपऱ्यातून पाहिलेलं आहे.

पुढच्या सभेची विषयपत्रिका निघाली की मी आपल्या गटावर टाकीन. जे गावात आहेत त्यांनी यावं. जे बाहेर आहेत त्यांनी ती वाचून मला फोन करावा, पण सभेच्या आदल्या दिवसापर्यंत.

पंधरा मिनिटं झाली.