कापूस विकायचा की रुई?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



वेचणीचे दिवस आहेत. घरात कापूस पडलेला असताना तुम्ही इथे आलात. म्हणून आज मी पाऊस, सरकार आणि व्यापारी या तिघांना शिव्या देणार नाही. तो कार्यक्रम आपण रोज पारावर करतोच. आज दोन हिशेब मांडतो. एक बियाण्याचा, दुसरा रुईचा.

आधी बियाणे. गेवराई सोडून गोदावरी ओलांडली की जालना जिल्हा लागतो. जमीन आपल्यासारखी, पाऊसही आपल्यासारखाच बेभरवशाचा. त्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले नावाचे गृहस्थ होते. १९६० च्या सुमारास दिल्लीच्या कृषी प्रदर्शनातून त्यांना 'पुसा सावनी' भेंडीचे बी मिळाले. पाने पिवळी पडण्याच्या रोगाला तोंड देणारा हा वाण. त्यांनी तो लावला, वाढवला आणि भेंडी विकण्याऐवजी बी विकायला सुरुवात केली. १९६४ साली त्यांनी महिको कंपनी काढली. त्याच वर्षी सरकारी संशोधनातून ज्वारीचा पहिला संकरित वाण, सी.एस.एच.-१, आला. १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २०१७ साली ते गेले.

आता बघा, यात शोध कोणाचा? भेंडीचा वाण दिल्लीच्या शास्त्रज्ञांचा. ज्वारीचा वाण सरकारी संशोधकांचा. संकरित कापूस, एच-४, १९७० साली सुरतेच्या केंद्रावर डॉ. सी. टी. पटेलांनी काढला. मग बारवाल्यांनी काय केले? शास्त्रज्ञाच्या कपाटातली वस्तू शेतकऱ्याच्या पाभरीपर्यंत आणली. संकरित ज्वारीचे बी करायचे तर मादी वाणाच्या ओळी वेगळ्या, नराच्या वेगळ्या, शेजारच्या ज्वारीपासून अंतर राखायचे, वेगळे दिसणारे झाड फुलण्याआधी उपटायचे. कापसात आणि भेंडीत तर एकेक फूल हाताने सोलायचे आणि परागकण लावायचे. हे काम साहेबाने केले नाही. जालन्याच्या आणि देऊळगावराजाच्या शेतकऱ्यांनी केले, त्यांच्या घरच्या बायकांनी केले. अडाणी म्हणून हिणवलेल्या माणसांनी केले. कंपनीने पायाबीज द्यायचे, शिकवायचे, तपासायचे आणि ठरल्या भावाने बी उचलायचे. 'सीड प्लॉट' हा शब्द तिकडे घराघरात गेला तो असा.

म्हणजे कोरडवाहू मुलखात कारखानदारी उगवू शकते. हे पुस्तकातले नाही, नदीपलीकडचे आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. ज्यांनी बी पिकवले त्यांना धंदा मिळाला. आपण बीडचे लोक फक्त गिऱ्हाईक झालो. संकरित बी घरी ठेवून पुढच्या वर्षी चालत नाही, दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा ४५० ग्रॅमचे पाकीट १६०० रुपयांच्या आसपास होते. २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने भांडण नेटाने लावून धरले तेव्हा ते ७५० वर आले. सुरुवातीची काही वर्षे बोंडअळीच्या फवारण्या वाचल्या, हे खरे. आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्याची बोंडे आतून खाल्ली, हेही खरे. तंत्रज्ञान नाकारून पोट भरत नाही. पण तंत्रज्ञानाच्या साखळीत आपली एकही कडी नसेल, तर येणारा प्रत्येक शोध आपल्यासाठी नवे बिल घेऊन येतो.

आता दुसरा हिशेब. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला तर साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलो सरकी, बाकी घट. १७० किलोची एक गाठ, म्हणजे तुमच्या ५ क्विंटल कापसाची. बाजार चालतो रुईच्या आणि सरकीच्या भावावर. कापसाचा भाव त्यातून मागे मोजून काढलेला असतो. तो मोजताना तुमच्या कापसाचा उतारा कोणी धरला? समजा, व्यापाऱ्याने ३३ धरला आणि निघाला ३६. वीस क्विंटलमागे ६० किलो रुई सरकीच्या भावाने गेली. चोरी झाली असे मी म्हणत नाही. तुम्ही विचारलेच नाही, असे म्हणतो.

विचारायची सवय नाही, त्यालाही कारण आहे. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे एकाधिकार खरेदी होती. गाडी रांगेत लावायची आणि चेकची वाट बघायची. तेव्हा रुई विकायचा मार्गच आपल्यासाठी नव्हता. आज ते बंधन नाही, तरी बैल सुटला असताना दाव्याभोवतीच फिरतो आहे.

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनीची सोय झाली. १० शेतकरी एकत्र आले की कंपनी काढता येते. पण कंपनी काढा, अनुदान घ्या, पाटी लावा, असे सांगायला मी आलो नाही. पाट्या भरपूर झाल्या. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात आम्ही २२ जणांनी शपथ घेतली, सगळा कापूस एकत्र न्यायचा. ठरल्या दिवशी ट्रक आला. आदल्या संध्याकाळी खेडा खरेदीवाला क्विंटलमागे ५० रुपये जास्त, रोख, देऊन गेला होता. कोणाला दवाखाना होता, कोणाला उधारी. ट्रक अर्धा रिकामा गेला, भाडे पूर्ण बसले. त्या ९ घरांना मी आजही दोष देत नाही. दोष माझा, पुढारी म्हणवून घेणाऱ्याचा. शपथ घेतली, पण घरी नड आली तर काय, याची तजवीज केली नाही.

म्हणून या हंगामात एवढेच करा. गावात ज्यांचा वाण सारखा, अशी १५-२० घरे निवडा. प्रत्येकाने सगळा नाही, पाचवा हिस्सा कापूस बाजूला ठेवायचा. उरलेला विकून नड भागवा. वेचणी कोरडी, कवडी वेगळी. प्लॅस्टिकच्या पोत्यात भरू नका, त्याचा धागा रुईत मिसळला की माल खाली येतो. हे काम बायांच्या हातात आहे, तेव्हा बैठकीलाही त्याच हव्यात. मग मजुरी देऊन तो कापूस जिनिंगमधून काढून घ्या. तोलताना दोघांनी उभे राहा. रुई किती, सरकी किती, घट किती, लिहून आणा आणि देवळाच्या भिंतीवर लावा. पैसे जास्त मिळतील असे वचन मी देत नाही. तुमचा उतारा तुम्हाला कळेल. पुढच्या वर्षी सौदा त्या आकड्यावरून सुरू होईल.

ज्वारीचेही तसेच. रब्बीत अजून मालदांडीच आपली. तिचे बी घरचे धरता येते. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपले बी ठेवण्याचा, देण्याघेण्याचा, कंपनीसारखे नाव न छापता विकण्याचाही हक्क दिला आहे. चांगली कणसे निवडून बी धरणारी एखादी म्हातारी तुमच्या गावात असेल. नदीपलीकडची गोष्ट अशाच मूठभर बियाण्यापासून सुरू झाली होती.

पुढच्या मेळाव्याला मला भाषण नको. प्रत्येक गावाने उठून फक्त एक आकडा सांगावा : आमच्या कापसाचा उतारा इतका निघाला. ते ऐकायला मी पहिल्या ओळीत बसेन.