पट्ट्यापट्ट्यांचा पाहुणा

पहिल्यांदाच साप पाळायचा तर कोणता पाळावा, असे कुणी हौशी तरुण मोबाइलवर शोधू लागला की उत्तरात मिल्क स्नेकचे नाव हमखास येते. हा अमेरिका खंडातला बिनविषारी साप. त्याच्या बऱ्याच जाती लाल, काळ्या आणि पांढऱ्या किंवा पिवळ्या पट्ट्यांच्या असतात. तो फार मोठा होत नाही आणि माणसाच्या हाताळण्याला सरावतो. हे सगळे खरे आहे. तरीही छत्रपती संभाजीनगरात नवख्या माणसाने, विशेषतः लहान मुलांच्या घरात, हा साप आणू नये असे मला वाटते. आणि त्याचे पहिले कारण म्हणजे ज्यांच्यावर माणूस भाळतो ते त्याचे पट्टे.

हे पट्टे त्याच्या मुलखात त्याला वाचवतात. तिथल्या विषारी कोरल स्नेकचा रंग साधारण असाच असल्याने शिकारी प्राणी फसतात आणि याच्या वाटेला जात नाहीत. अशी जोडी आपल्याकडेही आहे, मण्यार आणि कवड्या यांची. कवड्या बिनविषारी, मण्यार जहाल विषारी. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीने, मानेच्या बऱ्याच मागून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. तिच्या पाठीच्या कण्यावरची षटकोनी खवल्यांची ओळ बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठी असते. पण रात्री, विजेरीच्या उजेडात, एवढे बारकावे कोण पाहणार? मण्यार रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा फारसा दुखत नाही, सूजही जेमतेम येते. काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास अडखळू लागतो. पट्ट्यांचा साप खुशाल उचलायचा असतो, ही सवय ज्या मुलाला घरातच लागली, ते मूल अंगणातल्या मण्यारीपुढे काय करील याचा विचार आईबापांनी करावा.

यावर असे म्हटले जाते की सापाची भीती तो हातात घेतल्याशिवाय जात नाही. भीती जावी हे मलाही मान्य आहे, पण भीती जाणे आणि सावधपणा जाणे यांत फरक आहे. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असे आपल्याकडे अजूनही सांगतात. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी मिल्क स्नेकवरही हाच आळ घेतला होता. दोन्हीकडे साप गोठ्यात येतो तो उंदरांसाठी. चोखायला लागणारे ओठ आणि गाल त्याला नसतात, शिवाय त्याचे दात आत वळलेले आणि टोकदार, ते सडाला लागले तर गाय उभी राहील का? असे गैरसमज दूर करायला साप पिंजऱ्यात ठेवावा लागत नाही, नीट सांगणारा माणूस लागतो.

आता निगेचे पाहू. मिल्क स्नेकला त्याच्या पेटीच्या एका टोकाला तीस अंशांच्या आसपास ऊब लागते आणि दुसऱ्या टोकाला चोविसाच्या आसपास गारवा. म्हणूनच थंड देशांतली पुस्तके पेटी गरम कशी ठेवावी हे सांगतात. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे इथे प्रश्न पेटी गार ठेवण्याचा, आणि तोही वीज गेलेली असताना. पिल्लू पेन्सिलीएवढे बारीक असते. झाकणात बोटभर फट राहिली तरी निसटते, आणि शेजाऱ्याच्या घरात निघाले तर काठी ठरलेली. त्याला आख्खे उंदीर खायला घालावे लागतात आणि ते घरच्या फ्रीजमध्ये गोठवून ठेवावे लागतात. तो दुसरे सापही खातो, म्हणून एका पेटीत एकच. आणि हे सगळे पंधरा-वीस वर्षे. हौसेने साप आणणारा मुलगा तोवर नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो.

कुणी म्हणेल, देशी साप पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी आहे, हा तर परदेशी आणि पैदास केंद्रात जन्मलेला, मग जंगलाचे काय नुकसान? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण साप येतो कुठून हे पाहिले की तो डळमळतो. जून २०२५ च्या अखेरीस थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाकडे मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना सोळा जिवंत साप सापडले. त्यांत दोन होंडुरन मिल्क स्नेक होते. अशा मार्गाने आलेला साप दुकानात मांडला की त्याचा जन्म कुठला हे गिऱ्हाइकाला कळायला वाव नाही. आयातीचे कागद विक्रेता दाखवू शकत नसेल तर सौदा तिथेच थांबवावा. आणि ज्यांच्या घरी असा साप आधीच आहे, त्यांनी कंटाळा आला म्हणून तो हिमायत बागेत किंवा सलीम अली सरोवराच्या काठी सोडू नये. तो जगला तर इथल्या सापांना धोका, मेला तर तुमच्या हातून मेला.

सापाची आवड असणाऱ्याने आधी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप ओळखायला शिकावे, मग धामण, कवड्या, दिवड, तस्कर. घरात साप निघाला तर त्याला न डिवचता दुरून नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट घाटी रुग्णालय गाठावे. एवढे अंगवळणी पडल्यावरही एखाद्या जाणत्या, प्रौढ माणसाला साप पाळावासा वाटला, तर निदान त्याचा निर्णय फोटो पाहून घेतलेला नसेल.